नाव बांधावी की तयार घ्यावी?

या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन पाहिलेला खलाशी म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी.

२०१८च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत ते उतरले, ते गोव्यात नव्याने बांधलेल्या ‘थुरिया’तून. तिचा आराखडा मात्र जुना होता: ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ३२ फुटी ‘सुहेली’चा. मूळ ‘सुहेली’ही भारतातच, मुंबईत बांधलेली. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली.

पुढच्या शर्यतीत, २०२२ साली, त्यांनी बांधकामाचा घाट घातला नाही. ‘रस्लर ३६’ या जातीची तयार नाव घेतली, तिला ‘बायानत’ नाव दिले आणि २०२३मध्ये दुसरा क्रमांक पटकावला. २०१८ची शर्यत याच जातीच्या नावेने जिंकली होती.

म्हणून बांधणे चूक ठरते का? नाही. टॉमींनीच २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली, ती गोव्यातच बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून.

हिशेब असा: सांगाडा उभा राहिला, तरी डोलकाठी, शिडे, दोर आणि इंजिन विकतच घ्यावे लागते. हाताशी वेळ आणि कारागीर असतील, तर बांधावी. समुद्रात लवकर उतरायचे असेल, तर पारखून तयार घ्यावी.