ओव्हरक्लॉकिंग
संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. १९९८ साली आलेला इंटेलचा ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर, बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेल्यास, अनेकदा ४५० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. स्वस्तातल्या या वेगामुळेच तो गाजला.

वेग वाढल्यावर ट्रान्झिस्टरांना स्थिती बदलण्यास कमी वेळ मिळतो, म्हणून विद्युतदाब वाढवावा लागतो. मात्र वीजवापर वारंवारतेच्या सम प्रमाणात, तर विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास तो सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्यामुळे विरारच्या मनवेलपाड्यासारख्या किनारी भागात उन्हाळ्यात हा वाव आणखी घटतो.

जड काम सुरू होताच संगणक बंद पडत असल्यास बहुधा विद्युतदाब अपुरा असतो, किंवा भाराखाली तो घसरतो. तापमान मर्यादेला भिडून वेग आपोआप कमी होत असल्यास दाब जास्त असण्याची शक्यता असते. संगणक सुरूच झाला नाही, तर सीमॉस रीसेट करून मूळ मूल्ये परत आणतात.

अतिरिक्त दाबाचा धोका केवळ हौशी वापरकर्त्यांपुरता नाही. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत ओव्हरक्लॉकिंग न करताही अस्थिरता आढळली. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड बदलून दाबाची मागणी १.५५ व्होल्टपर्यंत मर्यादित करण्यात आली. आधीच झिजलेले प्रोसेसर मात्र त्याने दुरुस्त होत नाहीत.