ताप कितव्या दिवसाचा?

पोळा झाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या दवाखान्यांत तापाची मुलं वाढू लागतात. कपाशीत निंदण चालू असतं, धुऱ्यावरचं गवत माजलेलं असतं, डबकी भरलेली असतात. मलेरिया, डेंग्यू, विषमज्वर आणि स्क्रब टायफस, चौघांचाही जोर याच दिवसांत. बहुतेक मुलांचा ताप साधा विषाणूजन्य असतो आणि तीन-चार दिवसांत जातो. पाच दिवस उलटूनही जो हटत नाही, त्याचा शोध कसा घेतात हे पाहण्यासाठी मी तालुक्याच्या गावातल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या खोलीत बसले होते.

सहा वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर मलूल पडलेला. आई म्हणाली, "रोज सांजच्याले अंग फणफणते. औषध देल्लं का उतरते, मंग पुन्हा चढते." डॉक्टरांनी थर्मामीटर हातात घेण्याआधीच विचारलं, "ताई, पहिल्यांदा अंग कधी गरम लागलं?" उत्तर आजीकडून आलं, "तान्ह्या पोयाच्या रातीपासून." डॉक्टरांनी हिशेब केला आणि कागदावर सगळ्यात वर लिहिलं: ताप, सहावा दिवस.

पुढचं सगळं या आकड्यावर ठरतं. डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, त्यानंतर आयजीएम. विषमज्वराची विडाल तपासणी पहिल्या आठवड्यात बहुधा काहीच सांगत नाही आणि एकट्या विडालवर विषमज्वर ठरवणं चूक. खात्री रक्ताच्या कल्चरने होते, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्त घेतलं तर. मलेरियाची काचपट्टी एकदा निगेटिव्ह आली म्हणून प्रश्न मिटत नाही; ताप टिकला तर ती पुन्हा करावी लागते. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होऊ शकतो.

मग डॉक्टरांनी औषधांची पिशवी मागितली. आईने ती टेबलावर रिकामी केली: अँटिबायोटिकची अर्धी बाटली, पाकिटातून सुट्या दिलेल्या गोळ्या आणि पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या. एकीवर पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम, दुसरीवर २५०. आई कधी एकीतून, कधी दुसरीतून एकच चमचा देत होती. मुलाचं वजन १६ किलो. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर त्याला एका वेळी २४० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे दुसऱ्या बाटलीचं पाच मिलीला जरा कमी आणि पहिलीचं जवळपास दुप्पट. ज्या दिवशी पहिली बाटली हाती आली, त्या दिवशी औषध अर्धंच पोटात गेलं. डॉक्टरांनी कमी ताकदीची बाटली बाजूला काढली, सिरिंजवर खूण करून दिली आणि बजावलं की दोन डोसांत सहा तासांचं अंतर हवं. सुट्या गोळ्यांत निमेसुलाइड नाही ना, हेही त्यांनी पाहिलं; बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते औषध २०११ पासून देशात बंद आहे. अँटिबायोटिक दोन दिवस देऊन थांबवलेलं होतं. अशा अर्धवट औषधाने आजार बरा होत नाही, पण कल्चरमधला पुरावा पुसला जातो.

यानंतर जे झालं ते या सगळ्या कामाचं मर्म आहे. डॉक्टरांनी मुलाचे सगळे कपडे काढायला लावले आणि उजेडात कातडी पाहायला सुरुवात केली. केसांत, कानामागे, काखेत, जांघेत, तळहात, तळपाय. आजी म्हणाली, "त्याले ताप हाये, खरूज नाही." डॉक्टर न चिडता पाहत राहिले. कमरेचा करदोडा वर सरकवला तेव्हा त्याखाली विडीच्या चटक्यासारखी एक काळी, कोरडी खपली दिसली, भोवती लालसर कडा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती. पोट चाचपलं तेव्हा प्लीहाही हाताला लागली.

निंदणाच्या दिवसांत मुलगा धुऱ्यावरच्या गवतात बसून खेळत असे. तिथे उंदरांच्या वावरात चिगर नावाच्या बारीक माइटच्या अळ्या असतात. ती खपली त्यांच्याच चाव्याची खूण. त्या चाव्यातून ओरिएन्शिया नावाचे जिवाणू शरीरात जातात, त्यातून होणारा आजार म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराने माणसं दगावली होती. त्याच कुळातला गोचिडांमुळे होणारा ताप आपल्या भागातल्या मुलांत वेळीच ओळखता यावा म्हणून अकोल्याचे डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये गुणांकन पद्धत मांडली. राहणं खेड्यात आहे का, घरी जनावरं आहेत का, गोचीड चावली का, पुरळ तळहात-तळपायांवर आहे का, अशा साध्या निरीक्षणांना तिच्यात गुण आहेत. मोठी प्रयोगशाळा दूर असलेल्या मुलखात हे काम किती मोलाचं आहे, ते मला त्या खोलीत कळलं.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, पण अहवालासाठी औषध अडवलं नाही. वजनाप्रमाणे डॉक्सिसायक्लिन त्याच दिवशी सुरू केलं. उशीर झाला तर हाच आजार फुप्फुस, मेंदू, मूत्रपिंड गाठतो. वेळेवर औषध मिळालं तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. फेरतपासणीला आईने वही आणली. औषधाच्या तिसऱ्या दिवसापासून तापाच्या नोंदी शंभराच्या खाली होत्या आणि मुलगा भाकर मागत होता.

प्रत्येकाच्या अंगावर खपली सापडत नाही. त्या मुलांत शोध पुढे चालतो: लघवीची तपासणी, घरात क्षयाचा रुग्ण आहे का याची चौकशी, डोळे-ओठ लाल झालेत का, हाडं दुखतात का. सिकलसेल असलेल्या मुलाचा ताप तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्यायचा, कारण त्याची प्लीहा जंतूंशी नीट लढू शकत नाही.

आईबापांनो, ताप आला त्या दिवसाची तारीख वहीत लिहा. आशाताईंकडून मलेरियाची तपासणी करून घ्या. पाणी, पेज, वरणाचं पाणी देत राहा, गोधडीत गुंडाळू नका, उरलेलं अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, मूल गुंगीत असेल, धाप लागत असेल, झटका आला, लघवी कमी झाली, पोट फार दुखलं, उलट्या थांबेनात किंवा कुठूनही रक्त आलं, तर दिवस मोजत बसू नका, त्याच घटकेला निघा. आणि पाचव्या दिवशीही ताप असेल तर आणखी एक सुई मागू नका; डॉक्टरांना सांगा, "कपडे काढून नीट पाहा." तो तुमच्या मुलाचा हक्क आहे.