मैदान मुंबईचं, नातं मुरबाडचं

इफ्तार झाली की वडीलधारी मंडळी शतपावलीला निघतात. तरावीह आटोपली की पोरं खेळायला मोकळी जागा शोधतात. गावाला मैदान असण्याचं मोल रमजानच्या रात्री चांगलंच कळतं. मुंबईतल्या अशाच एका मैदानाचं आपल्या मुरबाडशी जुनं नातं आहे.

ते म्हणजे गवालिया टँक, आजचं ऑगस्ट क्रांती मैदान. पूर्वी इथे तलाव होता. गुराखी गुरं धुवायला आणत, त्यावरूनच हे नाव पडलं. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींनी इथे ‘करेंगे या मरेंगे’चा मंत्र दिला. ‘क्विट इंडिया’ हे शब्द सुचवल्याचं श्रेय युसूफ मेहेरअली यांना दिलं जातं. त्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगात असताना ते मुंबईचे महापौर म्हणून निवडून आले होते. ९ ऑगस्टला नेत्यांची धरपकड झाली, तरी अरुणा असफ अली यांनी या मैदानात तिरंगा फडकवलाच.

ती ठिणगी आपल्या डोंगरातही पोहोचली. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे या दस्त्याने पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

मुंबईच्या मैदानात हुतात्मा स्मारक आहे आणि शेजारीच क्रिकेट, फुटबॉल रंगतो. म्हातारी माणसं फेऱ्या मारतात. तिथला इतिहास रोजच्या वर्दळीत असतो. सिद्धगडच्या स्मारकापाशी दरवर्षी २ जानेवारीला लोक जमतात, एरवी मात्र तिथे मुद्दाम वाट वाकडी करून जावं लागतं. स्मारक तिथेच हवं. ज्या मातीत रक्त सांडलं, ती माती हलवता येत नाही. पण त्याची आठवण गावात आणता येते.

शहापूर असो वा मुरबाड, जिथे मुलं खेळतात आणि बायका घटकाभर टेकतात, अशा जागी या लढ्याचा साधा फलक हवा. चेंडू आणायला धावलेलं एखादं पोर तो वाचेल आणि आजोबांना विचारेल, “हे कोण?” आजोबा मोहल्ल्यातले असोत की आळीतले, मेहेरअली, कोतवाल आणि पाटील एकाच लढ्यातले, हे त्यांना सांगता आलं पाहिजे.