बैठका व शरीरसंतुलन

उभ्या स्थितीतून घोटे, गुडघे व खुबे हे तीन सांधे एकाच वेळी वाकवून खाली बसणे आणि त्याच मार्गाने पुन्हा उभे राहणे, या व्यायामप्रकारास ‘बैठक’ म्हणतात. जोर व बैठका ही जोडी तालमीतील मेहनतीचा पाया मानली जाते. शाळेत शिक्षा म्हणून काढाव्या लागणाऱ्या उठाबशा हे बैठकीचेच एक परिचित रूप होय. आधुनिक व्यायामशाळांत ‘स्क्वॉट’ या नावाने प्रचलित असलेला प्रकार तत्त्वतः हाच असला, तरी दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. तालमीतील बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि हातांच्या झोक्याचे साहाय्य घेऊन शरीर वर येते. स्क्वॉटमध्ये मात्र टाचा अखेरपर्यंत जमिनीस टेकलेल्या असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा आणि तो शिकताना नवशिक्यांना जाणवणाऱ्या संतुलनाच्या अडचणींचा विचार केला आहे.

नवशिक्यांच्या अडचणी : बैठक शिकू लागलेल्या व्यक्तीत सामान्यतः चार दोष आढळतात : खाली जाताना तोल मागे जाणे, टाचा उचलल्या जाणे, गुडघे आतील बाजूस वळणे आणि पाठीस बाक येणे. पायांत पुरेसे बळ नाही, असा त्यांचा अर्थ बहुधा लावला जातो आणि बैठकांची संख्या वाढविण्याचा उपाय सुचविला जातो. परंतु जिने सहज चढणाऱ्या व मैलोगणती चालणाऱ्या व्यक्तीसही पूर्ण बैठक साधत नाही, असे पुष्कळदा दिसते. अशा वेळी मूळ कारण मांडीच्या स्नायूंत नसून घोट्याच्या ताठरपणात, धडाच्या अस्थैर्यात किंवा तोल सांभाळण्याच्या सवयीच्या अभावात असते. दोषाचे कारण न शोधता केवळ संख्या वाढविल्यास सदोष हालचालच पक्की होत जाते.

संतुलनाचे यांत्रिक तत्त्व : ताठ उभ्या असलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणे श्रोणीच्या पोकळीत, त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या पुढे असतो. त्यातून जाणारी लंबरेषा दोन्ही तळपाय व त्यांमधील जागा मिळून होणाऱ्या आधारक्षेत्रात पडते, तोपर्यंतच शरीर तोल राखू शकते. बैठकीत नितंब मागे जातात. त्याची भरपाई गुडघे पुढे येऊन व धड पुढे झुकून होते. या तीन हालचालींचा मेळ बसला, तर लंबरेषा तळपायाच्या मध्याजवळ राहते. घोट्याच्या पुढे तळपायाची लांबी बरीच असते. मागे मात्र केवळ टाचेपुरतीच जागा असते. म्हणून नवशिका पुढे पडण्यापेक्षा मागे पडण्याची शक्यता अधिक असते.

नडगी पुढे झुकण्याचे प्रमाण घोट्याच्या लवचिकतेवर अवलंबून असते. पोटरीचे स्नायू आखडलेले असल्यास नडगी अडते, नितंब फार मागे राहतात आणि तोल राखण्यासाठी धड अधिक झुकवावे लागते. ते न साधल्यास टाच उचलली जाते किंवा व्यक्ती मागे कलंडते. शरीराच्या ठेवणीचाही येथे संबंध येतो. धडाच्या मानाने मांडीचे हाड लांब असलेल्या व्यक्तीस स्वाभाविकपणेच अधिक पुढे झुकावे लागते. त्यामुळे सर्वांची बैठक दिसण्यात एकसारखी असावी, ही अपेक्षा शास्त्रीय दृष्ट्या योग्य नाही.

तोल राखण्याच्या कामी दृष्टी, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय आणि स्नायू, कंडरा व सांधे यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना या तिन्हींचा उपयोग होतो. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत जी प्रगती दिसते, ती मुख्यतः स्नायूंचे आकारमान वाढल्यामुळे नव्हे, तर तंत्रिका तंत्राकडून होणाऱ्या स्नायूंच्या नियंत्रणात सुधारणा झाल्यामुळे होते. या दृष्टीने बैठक ही केवळ बळाची कसोटी नसून शिकण्याची एक क्रियाही आहे.

मध्यकायेचे स्थैर्य : धडाच्या मध्यभागातील स्नायूंच्या समूहास इंग्रजीत ‘कोअर’ म्हणतात, मराठीत त्यास मध्यकाया म्हणता येईल. केवळ पोटावरचे दिसणारे स्नायू म्हणजे मध्यकाया नव्हे. हा भाग एखाद्या पिंपासारखा कल्पिल्यास वर मध्यपटल, तळाशी श्रोणितलाचे स्नायू, सभोवती उदरभित्तीचे आडवे व तिरके स्नायू आणि मागे पाठीच्या कण्यालगतचे स्नायू अशी त्याची रचना दिसते. हे स्नायू एकत्रितपणे आकुंचन पावले, म्हणजे उदरपोकळीतील दाब वाढतो व कण्यास आधार मिळतो. हा आधार अपुरा असल्यास पायांनी निर्माण केलेले बल खांद्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. पाठीस बाक येतो व लंबरेषा हलते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. आंदेर्स बेर्गमार्क यांनी १९८९ मध्ये कण्यालगतचे खोल स्नायू व धडाचे मोठे वरवरचे स्नायू यांच्या कार्यांत भेद दाखविला. मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये कण्याचे स्थैर्य हे हाडे व अस्थिबंध, स्नायू आणि तंत्रिका नियंत्रण या तीन परस्परावलंबी यंत्रणांवर आधारलेले असते, असे प्रतिपादन केले. पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांना १९९६ मध्ये असे आढळून आले, की निरोगी व्यक्तीने हात हलविण्यापूर्वीच तिच्या उदरातील आडवा स्नायू आकुंचन पावतो. कंबरदुखी असलेल्यांत मात्र त्यास विलंब होतो. या निष्कर्षावरून त्या एकाच स्नायूस वेगळे काढून व्यायाम देण्याची पद्धत रूढ झाली. तथापि कंबरदुखीवर ती पद्धत इतर सर्वसाधारण व्यायामांपेक्षा दीर्घकाळात विशेष सरस असल्याचे पुढील अभ्यासांत दिसून आले नाही. सर्व स्नायूंनी योग्य वेळी एकत्र काम करणे, हेच स्थैर्याचे मर्म होय.

कारणाची परीक्षा : अडचणीचे मूळ शोधण्यासाठी काही सोप्या परीक्षा उपयोगी पडतात. पहिल्या परीक्षेत भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, एका पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंमी. अंतरावर ठेवावा आणि टाच न उचलता त्या पायाचा गुडघा भिंतीस टेकविण्याचा प्रयत्न करावा. गुडघा टेकत नसल्यास घोट्याची लवचिकता कमी आहे, असे समजण्यास हरकत नाही. दुसऱ्या परीक्षेत टाचांखाली २ ते ३ सेंमी. जाडीची स्थिर फळी ठेवून बैठक काढावी. तेवढ्याने बैठक सुलभ झाली, तर मुख्य अडथळा घोट्यातच आहे. भारोत्तोलकांच्या बुटांची टाच उंच असते, ती याच कारणासाठी. फळीने फरक न पडल्यास दोन ते पाच किग्रॅ.चे वजन, उदा., धान्याची लहान पिशवी, दोन्ही हातांनी छातीसमोर धरून पाहावे. हे वजन गुरुत्वमध्य पुढे आणते व धडाच्या स्नायूंना आपोआप कामास लावते. त्यामुळे बैठक सुधारल्यास संतुलन व मध्यकाया यांकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते.

अभ्यासक्रम : शिक्षणाचा प्रारंभ जमिनीवरील व्यायामांनी करणे इष्ट असते. उताणे निजून गुडघे व हात वर धरावेत आणि कंबर जमिनीपासून न उचलता एक हात व विरुद्ध बाजूचा पाय सावकाश लांबवावा. तसेच रांगत्या स्थितीत उजवा हात व डावा पाय आणि नंतर डावा हात व उजवा पाय ताणून काही सेकंद स्थिर राहावे. एका कुशीवर कोपराच्या आधाराने धड उचलून धरणे हा तिसरा उपयुक्त प्रकार होय. यांबरोबरच पोटरी ताणण्याचा व्यायाम करावा आणि भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव ठेवावा.

यानंतर भिंतीस टेकून ठेवलेल्या स्थिर खुर्चीवर सावकाश बसणे व हातांचा आधार न घेता उठणे, ही पहिली बैठक समजावी. खाली जाताना सुमारे तीन सेकंद लावावेत व खुर्चीवर धपकन बसू नये. तळपायाचे तीन बिंदू म्हणजे टाच, अंगठ्याचे मूळ व करंगळीचे मूळ जमिनीस टेकलेले असावेत. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकावेत. पाच ते आठ बैठकांचे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, एवढा सराव प्रारंभी पुरेसा होतो. हे सहज जमू लागल्यावर आसनाची उंची क्रमाने कमी करीत चौरंगापर्यंत यावे आणि अखेरीस आसन काढून टाकावे. खिडकीचे गज किंवा दाराची भक्कम चौकट धरून खोल बैठकीत काही सेकंद थांबण्याने त्या स्थितीची भीती कमी होते. तोल साधल्यानंतरच खांद्यावर वजन घ्यावे.

श्वसन : खाली जाण्यापूर्वी श्वास घेऊन पोटाचा घेर सर्व बाजूंनी किंचित ताठ करावा व वर येताना श्वास सोडावा. पोट आत ओढून धरण्याने हा परिणाम साधत नाही. जड वजन उचलणारे मल्ल श्वास रोखून धरतात. परंतु त्यामुळे रक्तदाब एकदम वाढत असल्याने नवशिक्यांनी व विशेषतः रक्तदाब, हृदयविकार किंवा अंतर्गळ असलेल्यांनी तसे करू नये.

गैरसमज : खोल बैठकीने गुडघे निकामी होतात, हा समज कार्ल क्लाइन यांच्या १९६१ मधील अमेरिकेतील अभ्यासामुळे दृढ झाला. नंतरच्या अभ्यासांनी निरोगी गुडघ्यांच्या बाबतीत त्यास दुजोरा दिला नाही. गुडघा पायाच्या बोटांपुढे मुळीच जाऊ नये, हा नियमही असाच सरसकट सांगितला जातो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वजनासह बैठक काढणाऱ्यांचे गुडघे फळीने अडविले असता गुडघ्यावरील परिबल सुमारे एक-पंचमांशाने घटले. खुब्यावरील परिबल मात्र दहापटीहून अधिक वाढले. म्हणजे भार नाहीसा होत नाही. तो केवळ दुसऱ्या सांध्याकडे व कंबरेकडे सरकतो. मात्र गुडघ्यात सूज, अडकल्याची जाणीव किंवा तीव्र वेदना असल्यास वैद्यकीय सल्ल्याखेरीज खोल बैठका काढू नयेत.

महत्त्व : जमिनीवर बसून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे, शेतात खुरपणी करणे व देशी पद्धतीचे शौचकूप वापरणे यांमुळे बैठकीची हालचाल दैनंदिन जीवनातच घडत असे. खुर्ची, जेवणाचे टेबल व कमोड यांच्या वापरामुळे अनेक शहरी घरांत ती दुर्मिळ झाली आहे. न वापरलेली क्षमता ओसरत जाते आणि तिचा अभाव उतारवयात प्रकर्षाने जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० व्यक्ती मृत्यू पावतात. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ व्यक्तींना जमिनीवर बसून उठावयास सांगून पुढे त्यांचा मागोवा घेण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांना अधिक आधार घ्यावा लागला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. यावरून बसण्या-उठण्याचा सराव आयुष्य वाढवितो, असे सिद्ध होत नाही. परंतु ती क्षमता एकंदर शरीरस्वास्थ्याची निदर्शक असल्याचे सूचित होते.

आधाराशिवाय खुर्चीतून उठणे, जमिनीवर पडलेली वस्तू उचलणे व पडल्यास स्वतः उभे राहणे या क्रियांवर वृद्धांचे स्वावलंबन बऱ्याच अंशी अवलंबून असते. संथ, नियमित व क्रमाने कठीण होत जाणारा सराव हा ते टिकविण्याचा बिनखर्ची व बहुतेकांना साध्य असा उपाय होय.