नाव नको, मात्रा मोजा

‘मी फक्त बियर घेतली आहे’ हा बचाव आपल्याकडे घरात चालतो, मित्रमंडळींत चालतो आणि रात्री उशिरा बेंगळूरुच्या एखाद्या चौकात वाहतूक पोलिसांसमोरही केला जातो. व्हिस्की पिणारा ‘दारू पितो’, बियर पिणारा मात्र ‘थोडीशी घेतो’, अशी आपली सामाजिक वर्गवारी आहे. वाइनला तर आणखी वरचे, जवळपास सोवळ्यातले स्थान मिळाले आहे. या वर्गवारीला रसायनशास्त्राचा आधार नाही, ही गोष्ट तशी साधी आहे. पण आपली सार्वजनिक धोरणेही दीर्घकाळ याच वर्गवारीवर उभी राहिली, आणि चिंतेची बाब खरी ती आहे.

प्रथम हिशेब मांडू. भारतात व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्या बहुतेक बाटल्यांवर 42.8 टक्के हा आकडा असतो. म्हणजे 60 मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे 26 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. वजनात साधारण 20 ग्रॅम. आता 650 मिलिलिटरची बियरची बाटली घेऊ. ती सौम्य, 5 टक्क्यांची असेल तर तिच्यात 32 मिलिलिटरहून थोडा अधिक मद्यार्क असतो. ‘स्ट्राँग’, 8 टक्क्यांची असेल तर 52 मिलिलिटर, म्हणजे 41 ग्रॅम. स्ट्राँग बियरची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग. 13 टक्क्यांच्या वाइनची 750 मिलिलिटरची बाटली घेतली, तर तिच्यात 77 ग्रॅम मद्यार्क भरतो. व्हिस्कीच्या 180 मिलिलिटरच्या ‘क्वार्टर’मध्ये तो 61 ग्रॅमच्या आसपास असतो. यकृत बाटलीवरचे नाव वाचत नाही, ते ग्रॅम मोजते.

कायदाही एका ठिकाणी ग्रॅमच मोजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, तर वाहन चालवणे गुन्हा ठरते. वजन, लिंग, पोटातले अन्न यांप्रमाणे फरक पडतो. तरी 65 किलो वजनाच्या पुरुषाला ही मर्यादा गाठायला ढोबळमानाने 13 ते 14 ग्रॅम पुरतात. म्हणजे एक मोठा पेगही ही मर्यादा ओलांडू शकतो. स्ट्राँग बियरची एक बाटली तिच्या जवळपास तिप्पट आहे. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. काळी कॉफी किंवा थंड पाण्याचा हबका हा वेग वाढवत नाही. तेव्हा ‘फक्त बियर’ घेतलेला माणूस चार-पाच तासांनंतरच पूर्ववत होतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

बाटलीवरचा 42.8 हा विचित्र आकडा मात्र इतिहासाने दिलेला आहे. तो 42 का नाही आणि 45 का नाही? ब्रिटिश संसदेने 1816 मध्ये बार्थोलोम्यू साइक्स यांच्या हायड्रोमीटरला कायदेशीर मान्यता दिली आणि मद्याची तीव्रता ‘प्रूफ’ या मापाने ठरू लागली. 100 प्रूफ म्हणजे आजच्या भाषेत सुमारे 57.1 टक्के. त्याच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे ‘25 अंश अंडर प्रूफ’, हे प्रमाण आपल्याकडे रूढ झाले आणि दशमान पद्धतीत त्याचे 42.8 टक्के झाले. ब्रिटनने 1980 मध्ये हे माप सोडले. आपल्या बाटल्यांवर त्याची सावली अजून आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वसाहतीच्या अबकारी खात्याला मात्रेचे महत्त्व नेमके कळले होते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याच्या काळापासून मोजमाप चाले ते महसुलासाठी. प्रजेच्या प्रकृतीची चिंता हा त्यामागचा हेतू नव्हता. पाणी घालून कर चुकवला जाऊ नये, एवढ्यासाठी काचेच्या नळकांड्यात हायड्रोमीटर तरंगत असे. स्वतंत्र भारताने ते उपकरण ठेवले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 47 मध्ये मद्यबंदीचे उद्दिष्टही घातले. परंतु या दोहोंमधले अंतर, म्हणजे पिणाऱ्याने किती मद्यार्क प्यावा याविषयीचे धोरण, रिकामेच राहिले.

त्या रिकामेपणाचा सर्वांत बोलका दाखला कर्नाटकात सापडतो. बेंगळूरुचे मद्याशी नाते जुने आहे. छावणीतल्या गोऱ्या सैनिकांना बियर पुरवणाऱ्या दक्षिणेतल्या छोट्या ब्रुअऱ्या एकत्र करून थॉमस लीशमन यांनी 1915 मध्ये युनायटेड ब्रुअरीज उभी केली. 1947 मध्ये तिची सूत्रे विठ्ठल मल्ल्या यांच्याकडे आली. जे. एन. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 मध्ये याच शहरात अमृत डिस्टिलरीज स्थापन केली. 2004 मध्ये तिची सिंगल माल्ट व्हिस्की थेट ग्लासगोत विक्रीला गेली. पण हे झाले शहरी मद्य. ग्रामीण कर्नाटक आणि शहरातले मजूर पीत होते ती सारायी, म्हणजे अरॅक. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण एक-तृतीयांश होते.

1 जुलै 2007 पासून कर्नाटक सरकारने अरॅकवर बंदी घातली. त्यामागची कारणे खोटी नव्हती. मजुरीचे पैसे घरी पोचत नव्हते, स्त्रिया मार खात होत्या आणि अरॅकच्या मक्तेदारांचे राजकारणातले वजन वाढले होते. मात्र बंदी एका नावावर आली. पिण्याची सवय तशीच राहिली आणि दुकानात तिच्यासाठी उरली ती कारखान्यात बनलेली स्वस्त व्हिस्की, रम आणि ब्रँडी. पुढे ती 90 आणि 180 मिलिलिटरच्या कागदी पाकिटांतूनही मिळू लागली. 100 मिलिलिटर अरॅकमधून सुमारे 33 मिलिलिटर मद्यार्क पोटात जात असे. तेवढ्याच व्हिस्कीतून जवळपास 43 मिलिलिटर जातो. सौम्य पेय बंद करून गरीब माणसाला तीव्र पेयाच्या रांगेत उभे करणे हे मद्यबंदीच्या नावाखाली घडले. मक्तेदारांची सद्दी संपली, हा लाभ नाकारता येत नाही. पण ज्या घरांसाठी बंदी होती, त्या घरांचा प्रश्न नाव बदलून तिथेच राहिला.

याच शहरातल्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी बंदीच्या आदल्याच वर्षी, 2006 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेसाठी मद्याच्या सामाजिक व आर्थिक भाराचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्ञान दाराशी होते. धोरणाने मात्र बाटलीवरचे नाव वाचले.

महाराष्ट्राने कर्नाटकाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद ऐकू आला. द्राक्ष बागायतदाराचे हित हा विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. तो मांडण्यासाठी रसायनशास्त्र बदलण्याची गरज नव्हती.

मग करायचे काय? उत्तर अवघड नाही. कर पेयाच्या नावावर किंवा किमतीवर न बसवता त्यातील मद्यार्काच्या ग्रॅमवर बसवावा. कर्नाटकात स्पिरिटवरील अतिरिक्त शुल्क दीर्घकाळ बाटलीच्या घोषित किमतीच्या टप्प्यांवर अवलंबून होते. परिणामी तेवढाच मद्यार्क स्वस्त बाटलीत कमी कराने आणि महाग बाटलीत जास्त कराने मिळे. तीव्रता कमी करण्याचे प्रलोभन उत्पादकाला नव्हते, ग्राहकालाही नव्हते. स्कॉटलंडने मे 2018 पासून मद्यार्काच्या दर 8 ग्रॅममागे किमान किंमत ठरवली. ब्रिटनने ऑगस्ट 2023 पासून मद्यावरील करच तीव्रतेशी जोडला. आपल्या राज्यांना हे अशक्य नाही. साइक्सचा वारसा आपल्याच खात्यांकडे आहे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला महसुलाचा. 2025-26 साठी कर्नाटकाने अबकारी उत्पन्नाचे 40,000 कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले. एवढ्या रकमेवर अवलंबून असलेले सरकार लोकांनी कमी प्यावे असे मनापासून म्हणेल का, ही शंका रास्त आहे. दुसरा आक्षेप जिवाचा आहे. गरिबाची बाटली एकदम महाग केली, तर तो विषारी दारूकडे वळतो. जुलै 1981 मध्ये बेंगळूरुत अशा दारूने तीनशेहून अधिक माणसे मेली. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक. मिथेनॉलची बाटली कोणतीच टक्केवारी सांगत नाही. म्हणूनच बदल हळूहळू व्हावा. तीव्र पेयांवरचा कर टप्प्याटप्प्याने वाढवतानाच सौम्य पेये तुलनेने स्वस्त ठेवावीत आणि अवैध मद्यावरची नजर सैल होऊ देऊ नये.

करापूर्वीही करता येईल अशी एक गोष्ट आहे, आणि तिला फारसा खर्च नाही. प्रत्येक बाटलीवर, कागदी पाकिटावर आणि दुकानाच्या भिंतीवर, गिऱ्हाइकाच्या भाषेत आणि ठळक अंकांत, आत एकूण किती ग्रॅम मद्यार्क आहे आणि तो शरीरातून जायला साधारण किती तास लागतात, हे लिहावे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही जो प्रौढ नागरिक पिणारच आहे, त्याला आपण काय पितो एवढे कळण्याचा हक्क आहे. राज्य त्याच्याकडून थेंबाथेंबाचा हिशेब करून कर घेते. तोच हिशेब त्याच्यासमोर उघड करणे हे राज्याचे किमान कर्तव्य ठरते.