बापाचा पास

रेल्वेच्या पासाविषयी लिहायचे म्हटले की आपल्यापैकी अनेकांना ते चळवळीचे काम वाटत नाही. मला वाटते. खेडे सोडा, हे बाबासाहेबांचे सांगणे मनावर घेऊन आपले बाप मुंबईत आले. माझा बाप नायगावच्या चाळीतून मिलमध्ये पायी जाई. भाड्याचा प्रश्नच नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या आसपासची माणसे अंबरनाथ-विरारकडे फेकली गेली. आता मजुरी मिळवायची तर आधी पदरचे पैसे मोजावे लागतात.

हा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. मुंबईच्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सुमारे १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. २०१४ साली रेल्वेने तो ३० फेऱ्यांच्या हिशेबाने आकारायचे ठरवले होते. ओरड झाली आणि ते मागे घ्यावे लागले. महिन्याला २५ दिवस कामावर जाणारा माणूस ५० फेऱ्या करतो. म्हणजे पासवाल्याच्या ३५ फेऱ्या फुकट होतात. तिमाही पासाला तर २.७ महिन्यांचेच पैसे पडतात, वार्षिकाला १०.८ महिन्यांचे. ज्याच्या हातात रक्कम मोठी, त्याला सवलत मोठी! नाक्यावर उभा राहणारा, संध्याकाळी रोज घेऊन घरी येणारा बाप मात्र दररोज तिकीट काढतो आणि त्याच डब्यात तिपटीहून जास्त पैसे देऊन उभा राहतो.

गरिबासाठी काहीच केले नाही असे नाही. २००९ साली ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना ‘इज्जत’ नावाचा पास निघाला. असंघटित कामगाराला २५ रुपयांत महिनाभर, १०० किलोमीटरपर्यंतचा प्रवास. अट अशी की मासिक उत्पन्न १५०० रुपयांच्या वर नको. म्हणजे २५ दिवस, दिवसाला ६० रुपये. आमच्या शेजारचा कंत्राटी सफाई कामगार दाखला मागायला गेला, तर बाबू म्हणाला, “एवढ्यात दोन पोरं जगवतोस?” तो खोटे बोलला नाही. दाखला मिळाला नाही.

स्टेशनावर उतरल्यावर बस आहेच. बेस्टचे किमान भाडे २०१९ साली ५ रुपये झाले होते, ते मे २०२५ मध्ये १० झाले. रोजच्या दोन फेऱ्या धरा. महिन्याचे २५० होते, ते ५०० झाले. हे पैसे पोरांच्या वह्यांतून जातात, दुसरीकडून नाही.

एसटीत बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ते योग्यच आहे. बापालाही तसेच अर्धे द्या, अशी माझी मागणी नाही. साफसफाईचे कंत्राट निघते तेव्हा झाडू, गमबूट, हातमोजे यांचे पैसे त्यात धरतात. मग झाडणाऱ्याला तिथवर आणणाऱ्या पासाचे का धरू नयेत? संघटनांनी करारात हे कलम घालायला लावले पाहिजे.

तोवर आमच्या वस्तीत बाराजणांनी पासाची भिशी सुरू केली आहे. रोजचे दहा रुपये प्रत्येकी. जमतील तसे एकेकाचे तिमाही पास निघतात. सहाजणांचे निघाले, सहा बाकी आहेत.