वाइन घेताना आधी आपली जीभ ओळखा

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. आता परवानाधारक दुकानांत वाइनच्या बाटल्या पुन्हा दिसतात. नवखा ग्राहक बहुधा किंमत पाहून किंवा लाल रंगावर भाळून बाटली उचलतो आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो. वाइन वाईट असतेच असं नाही; त्याच्या आवडीची नसते, एवढंच.

चवीत तीन गोष्टी पाहाव्यात : गोडी, आंबटपणा आणि तुरटपणा. आंबवताना द्राक्षातली साखर जवळपास संपली की वाइन ‘ड्राय’ होते, थोडी उरली तर गोडसर. फळांचा वास आला म्हणजे वाइन गोड असेलच, असं नाही. आंबटपणा द्राक्षातल्या आम्लांचा. तुरटपणा मुख्यतः साली आणि बियांतल्या टॅनिनचा. लाल वाइन सालींसकट आंबवतात. पांढरीसाठी रस आधीच वेगळा काढतात. कच्चं टेंभरू चावल्यावर जीभ जशी आवळते, तसं टॅनिनमुळे होतं. ते आवडत नसेल, तर सुरुवात लालपासून करू नये.

मग ताटात काय आहे ते पाहावं. सावजी रश्शाचं तिखट अल्कोहोलने आणि टॅनिनने आणखी भडकतं. थोडी गोडी आणि गारवा ते शांत करतात. म्हणून त्याच्यासोबत कमी अल्कोहोलची, गोडसर पांढरी शेनिन ब्लां घ्यावी. झाडीपट्टीतल्या तळ्यातली मासळी तळलेली असेल, तर आंबटसर पांढरी सॉव्हिन्याँ ब्लां. नाशिकच्या सुला वाइनरीने २००० साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत या दोन्ही होत्या. कमी तिखटाच्या मटणाला लाल शिराझ चालते. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची लाल सांजोवेझे टोमॅटोच्या आंबट रश्शाला छान जुळते. काहीच ठरत नसेल, तर गुलाबी रोझे घ्यावी. तिच्यात टॅनिन कमी असतं.

आपल्याकडे उन्हाळ्याचा विचार टाळून चालणार नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उष्णतेत वाइनचा ताजेपणा जातो, चव शिजवल्यासारखी होते. दुकानात उन्हात किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नये. बूच वर सरकलेलं असलं किंवा तोंडाशी ओघळ दिसला, तर ती नकोच. लेबलावरचं साल द्राक्षतोडणीचं असतं. आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. स्वस्त पांढरी किंवा रोझे शक्यतो ताज्या सालाचीच घ्यावी. लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा थंड देशांतला सल्ला इथे लागू नाही. लाल अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. पांढरी दोन-तीन तास.

बाटली कुठून आणि कुठे न्यायची, हेही महत्त्वाचं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. लोकांनी, विशेषतः बायांनी, लढून मिळवलेली ती बंदी आहे, आणि वाइनही तिच्यातून सुटत नाही. नागपूरहून चंद्रपूरला जाम गावावरून येणारा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथेही दारूबंदी आहे. म्हणून खरेदी चंद्रपुरातच करावी, स्वतःचा पिण्याचा परवाना काढूनच करावी आणि बाटली जिल्ह्याबाहेर नेऊ नये. दुकानदाराला भारीतली बाटली मागण्याऐवजी गोडसर हवी की ड्राय, तुरट चालेल की नाही आणि सोबत जेवायला काय आहे, एवढं नेमकं सांगा. या तीन उत्तरांवर निवडलेली साधी बाटलीही महागड्या, न आवडणाऱ्या बाटलीपेक्षा जास्त आनंद देईल.